बारा बंद, सहा गाठी

वेल्ह्यात एसटी स्टँडच्या मागं माझं शिलाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली, एक मशीन, एक टेबल आणि दारावर 'लेडीज टेलर' एवढीच पाटी. बावीस वर्षं मी ब्लाउज शिवतेय. तालुक्यातल्या निम्म्या नवऱ्या मुली माझ्या हातचा ब्लाउज घालून बोहल्यावर चढल्यात, असं मी सगळ्यांना सांगते आणि अजून कुणी ते खोडून काढलेलं नाही. हे आधीच सांगितलं, म्हणजे माझा तोरा केवढा होता ते कळेल. तो तोरा एका म्हाताऱ्या धनगरानं बाजाराच्या दिवशी, चार बायकांसमोर, अर्ध्या मिनिटात उतरवला. आणि बरं झालं उतरवला.

शिवण मी भोरला शिकले. लग्नाआधी दोन वर्षं एका बाईंच्या क्लासला जात होते. बाई कडक होत्या. त्यांचा एक नियम मी कधी मोडला नव्हता: अंगात घातलेल्या कपड्याला सुई लावायची नाही. बटण तुटलेलं असो, हूक निघालेला असो, आधी कपडा काढा, मग शिवू. अपशकुन असतो, म्हणायच्या. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी मी त्याला पडद्यामागं पाठवून ब्लाउज काढायला लावते. बायका चिडतात, पण ऐकतात.

माझ्या लेकीला पट्ट्याचं वेड लागलं ते सहावीत असताना. शाळेतले एक मास्तर संध्याकाळी मैदानावर मुलींना लाठी आणि दांडपट्टा शिकवतात. पट्टा म्हणजे कोपरापर्यंत हात आत जाईल अशी लोखंडी मूठ आणि तिच्यापुढं लवलवतं लांब पातं. ते फिरवायला नुसतं मनगट पुरत नाही, सगळा खांदा लागतो. घरात पाण्याची कळशी उचलताना माझी पोरगी कुरकुरायची, पण पट्टा हातात आला की तिचा नूरच पालटायचा. पंधराव्या वर्षी ती आठ मुलींच्या पथकात सगळ्यात पुढं उभी राहायला लागली.

दर वर्षी शिवजयंतीला भोरच्या मैदानावर गावोगावची पथकं खेळतात आणि खेळ संपले की बाजारपेठेतून मिरवणूक निघते. मागच्या वर्षी आमच्या पोरींना पहिल्यांदाच बोलावणं आलं. मास्तरांनी हौसेनं शहरातून मावळ्यांचे पोशाख भाड्यानं आणले. चकचकीत सॅटिनचे अंगरखे, आणि पाठीमागून मानेपासून कमरेपर्यंत चिकटपट्टी. पुढं छातीवर बंद दिसायचे, पण ते नुसते शोभेचे, जागच्या जागी शिवून टाकलेले. मी हात लावून बघितलं, नाक मुरडलं आणि गप्प बसले. लग्नसराई होती, टेबलावर ब्लाउजांचा ढीग पडला होता. 'थांबा, मी शिवते' एवढं म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही. ते मला अजून टोचतं.

भोरच्या मैदानावर पोरीनं दोन्ही हातांत पट्टे चढवले, सलामी दिली आणि हात वर नेले. चर्रर्र! एवढ्या गर्दीत तो आवाज मला स्पष्ट ऐकू आला. चिकटपट्टी एका दमात खालपर्यंत उघडली आणि अंगरखा खांद्यावरून घसरून कोपरांत अडकला. हात दोन्ही मुठींत गुंतलेले, त्यामुळं तिला सावरताही येईना. आत शाळेचा खेळाचा टी-शर्ट होता म्हणून अब्रू राहिली म्हणायचं, पण त्याच्या पाठीवर वीतभर उंचीचा सात आकडा होता. डोक्यावर मावळ्याची पगडी आणि पाठीवर सात नंबर. लोक हसले. दुष्टपणानं हसले असं नाही; परक्याची पोरगी असती तर मीही हसले असते. पण कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं आणि संध्याकाळपर्यंत 'सात नंबरचा मावळा' किकवीपासून वेल्ह्यापर्यंत सगळ्यांच्या हातात पोचला. माझी लेक मिरवणुकीत गेली नाही. टेम्पोत ढोलांच्या मागं तोंड लपवून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं पट्टा पुसला, तेल लावलं आणि खुंटीला टांगला.

"आता मी न्हाई खेळनार," ती म्हणाली. "आन मला कुनी इचारू बी नका."

दहा महिने तो पट्टा खुंटीवरच होता. झाडू मारताना माझं डोकं त्याच्या मुठीला लागायचं, पण काढून ठेव म्हणायचा धीर मला झाला नाही. तिनं वेल्क्रोच्या चपला टाकून दिल्या. शेजारच्या लहान मुलीनं दप्तर उघडलं आणि चर्र झालं की ती उठून आत जायची. 

दिवाळीनंतर मास्तर दुकानात आले.

"वहिनी, भोरचं बोलावनं आलंय परत," ते म्हणाले. "सात पोरी तयार हायेत. आठवी तुमच्या घरात बसलीय."

"कपडं कुठलं?" मी विचारलं.

"तेच. ह्या टायमाला चिकटपट्टीला वरनं पिना मारू. झटक्यात घालून हुत्यात वो, आठ पोरी दोन मिंटात तयार."

माझा पारा चढला. "मास्तर, पुन्यांदा त्या चिकटपट्टीचं नाव काढलं तर तुमच्या शर्टाची बटनं कापून ठेवीन. आठी अंगरखं म्या शिवनार."

मास्तर हसले, पण जाताना त्यांचा एक हात शर्टाच्या बटणांवर होता.

घरी गेल्यावर लेकीला सांगितलं. ती भाकरी थापत होती, तिनं वर बघितलं नाही.

"शिव की. पन तुझा बी उघडला तर?"

"न्हाई उघडनार."

"कशावरनं?"

"म्या शिवलाय म्हनून."

"उघडला तर परत पट्ट्याचं नाव काढायचं न्हाई. कंदीच न्हाई."

"न्हाई काढनार," मी म्हटलं आणि तोंडातून शब्द गेल्यावर घाबरले. पोरीचा खेळ आता माझ्या शिलाईवर टांगलेला होता.

पहिला अंगरखा मी शिवला तो ब्लाउजासारखाच. दुसरं येतंय काय मला? अंगाला घट्ट, मुंढा, म्हणजे बाही बसते ती जागा, गोल कापलेला, पुढून हूक. बावीस वर्षं हुकांनी मला दगा दिला नव्हता. तिला घालायला लावला, अंगणात उभं केलं आणि हात वर कर म्हटलं. टक, टक करत छातीवरचे दोन हूक उडाले. एक जाऊन कोंबडीच्या पुढ्यात पडला आणि तिनं तो दाणा समजून चोच मारली. लेक अंगरखा काढून आत गेली.

दुसऱ्याला चेन लावली. चेन मजबूत, पितळी. ती उघडली नाही, पण काखेतच कापड टरकलं. तिसऱ्याला काज-बटणं केली, दुहेरी दोऱ्यानं. बटणं तगली, काजं फाटली. मी एकेका गोष्टीवर खवळत होते. आधी हुकांवर, मग चेनवर, मग कापडाच्या दुकानदारावर. शेवटी आमच्या ह्यांच्यावर, आणि ते बिचारे नुसते चहा पीत बसले होते.

अशातच एक दिवस वरच्या धनगरवाड्यातली एक बाई ब्लाउज उसवून घ्यायला आली. धनगरवाडा म्हणजे डोंगराच्या कुशीतली पाच-सहा घरांची वस्ती. शेरडं-मेंढरं आणि चार म्हशी. तिनं टेबलावरचा फाटका अंगरखा उचलून बघितला.

"ह्ये काय वो?"

"मावळ्याचा अंगरखा. राजांच्या काळात घालायचे तसला."

"आमचं मामंजी जत्रंला घालत्यात तसली बाराबंदी?" ती म्हणाली. "मग तिला हूक कशापाय?"

रविवारी मी दुकान बंद ठेवलं आणि डोंगर चढले. लेकीला बरोबर घेतलं, मापाची पट्टी धरायला म्हणून. ती सगळी वाट माझ्या दहा पावलं मागं चालत होती.

त्या बाईचे सासरे ऐंशीच्या पुढचे. सगळी वस्ती त्यांना आबा म्हणते. मी आल्याचं कारण सांगितलं तसं त्यांनी ट्रंकेतून फडक्यात गुंडाळलेली बाराबंदी काढली. जाड सुती मांजरपाट, धुवून धुवून साईच्या रंगाला आलेला. त्यांच्या वडिलांची, म्हणाले. बहुतेक बंद झिजून गळून गेले होते. एक आतली आणि एक बाहेरची, अशा दोनच जोड्या शिल्लक. आबांनी ती अंगात घातली. छातीवरचा एक पुढा दुसऱ्यावर घेतला, दोन गाठी मारल्या आणि हातातली काठी दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरली.

बाराबंदी बोटभरसुद्धा वर सरकली नाही.

मी तोंडात बोट घालायची तेवढी राहिले. दोन गाठी! माझ्या अंगरख्याला अकरा हूक होते.

"आबा, ती काढा," मी म्हटलं. "मला आतनं बघायचीय."

उलटी करून बघितली आणि मला माझीच लाज वाटली. सगळे तुकडे सरळ कापलेले, चौकोनी, गोल कात्री कुठंच नाही. आणि काखेत तळहाताएवढा एक चौकोनी तुकडा, टोकावर उभा बसवलेला. हात खाली असला की तो तुकडा घडी घालून आत लपतो. हात वर गेला की तो उघडतो आणि हाताला जागा देतो. ब्लाउजाचा गोल मुंढा हात खाली ठेवून उभ्या असलेल्या बाईसाठी असतो. फोटोला उभ्या असलेल्या बाईसाठी म्हणा. तिनं हात वर नेला की सगळा कपडा हाताबरोबर वर ओढला जातो आणि ती ओढ जाऊन बसते बिचाऱ्या हुकांवर. मी महिनाभर हुकांना शिव्या घालत होते आणि चूक काखेत होती.

आबांनी ती बाराबंदी माझ्या लेकीकडं धरली. "घाल की. बघ तरी."

ती आतापर्यंत शेरडांजवळ उभी होती, आमच्याकडं पाठ करून. तिनं घातली. आबांनी हातातली काठीही दिली. तिनं काठी नुसती तोलून बघितली, मग एक हात वर नेला, मग दोन्ही, आणि मग दहा महिन्यांनी तिनं पहिली गिरकी घेतली. शेरडं बिथरून बाजूला झाली. दुसरी आई असती तर पोरीच्या तोंडाकडं बघितलं असतं. मी आधी काखेकडं बघितलं. काख ठीक होती. मग तोंडाकडं बघितलं, आणि मला डोळ्याला पदर लावावा लागला.

वर्तमानपत्राच्या कागदावर मी सगळ्या तुकड्यांची मापं उतरवून घेतली. बाही, पुढा, पाठ, काखेतला चौकोन, सगळं. बंद तेवढे विचारले नाहीत. किती असतात ते नावातच होतं. बाराबंदी! बावीस वर्षांच्या टेलरला तेही विचारायचं म्हणजे काय?

आठ दिवस खपून मी लेकीचा अंगरखा शिवला. मांजरपाटाचाच. बंद कापताना मात्र अक्कल चालवली: उरेब, म्हणजे तिरका कापलेला कपडा ताणला जातो, म्हणून पट्ट्या सरळ धाग्यात कापल्या, दुमडून टीप मारली आणि सेफ्टी पिन घालून उलटवल्या. आत आणि बाहेर मिळून बारा गाठी येतील असे बंद ओळीनं लावले. दोन गाठींमध्ये जेमतेम तीन बोटं अंतर. जरा गर्दी झाली खरी, पण म्हटलं जुन्या लोकांचं कामच भक्कम. तो अंगरखा मी दुकानाच्या दारात हँगरला टांगला, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावा म्हणून.

बाजाराच्या दिवशी आबा खाली आले होते. दुकानात चार बायका, मास्तर आणि शाळेतून आलेली लेक, असे सगळे होते. मी मोठ्या ऐटीत अंगरखा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी काखेतला चौकोन दाबून बघितला, मान डोलावली. मग बंद मोजायला लागले. मोजत गेले, मोजत गेले, आणि मध्येच खो खो हसायला लागले.

"पोरी, ह्यो अंगरखा हाय का गुरांची दावन? चोवीस बंद लावलं व्हय गं?"

"बाराबंदी हाय न्हवं आबा? मग बारा गाठी नकोत?"

"बारा बंद म्हंजी सा गाठी! येका गाठीला दोन बंद लागत्यात का न्हाई? तू काय येका बंदाची गाठ मारतीस?"

सगळं दुकान हसलं. मास्तर तर भिंतीला टेकले. "चोवीसबंदी, वहिनी! आपलं पथक गाजनार," म्हणाले, आणि या वेळी त्यांचा हात बटणांवर नव्हता. माझे कान तापले. बायकांना काहीतरी सुनवायला मी तोंड उघडलं, आणि मला माझ्या लेकीचं हसणं ऐकू आलं. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. "आई, ह्यो घालाय सुरवात सकाळी केली तर खेळाला संध्याकाळी पोचू," म्हणाली. या अंगरख्याच्या भानगडीत वर्षभरात ती हसलेली मी पहिल्यांदा बघितली. मग मीही हसले. म्हटलं, हसू दे लोकांना, माझ्यावर हसतायत ना.

हसणं ओसरल्यावर आबांनी गाठी शिकवल्या. आतल्या दोन निरगाठी आणि बाहेरच्या चार सुरगाठी.

"निरगाठ वढली की घट्ट बसती. सुरगाठ येका वढीत सुटती," ते म्हणाले. "शेरडाला आमी सुरगाठच मारतो. वाघरू आलं तर सोडाय येळ न्हाई घावत. अंगरख्याचं बी तसंच. आतलं सुटाय नगं, आन भाईरचं पायजेल तवा सुटाय पायजे."

त्याच दिवशी चोवीसच्या चोवीस बंद मी उसवून काढले. मांजरपाटावर उसवल्याच्या भोकांच्या ओळी राहिल्या. त्यातले बाराच बंद, अंतर वाढवून, त्या ओळींच्या बाजूला लावले, पण छातीवरच्या एका बंदाला दुसरी जागाच नव्हती. तो त्याच भोकांवर बसवावा लागला. दोन टिपा जास्त मारल्या आणि पुढं गेले. बाकीचे सात अंगरखे मात्र पहिल्यापासूनच सहा गाठींचे शिवले. लेक शाळेतून आली की दुकानात बसून सेफ्टी पिननं बंद उलटवायची. अंगरखा घालून मागच्या अंगणात गिरक्या घ्यायची आणि आत येऊन सांगायची, "बाही जरा सैल कर," किंवा "पाठ आवळतीय." टेलरला असं बोलणारं गिऱ्हाईक लागतं. खुंटी रिकामी झाली होती. झाडू मारताना माझं डोकं आता कशालाही आपटत नव्हतं.

जयंतीच्या दिवशी टेम्पोतून भोरला निघालो, तेव्हा मार्गासनीपर्यंत पोरी गात होत्या. पुढं माझी लेक मांडीवरच्या अंगरख्याचे बंद एकेक करून ओढून बघायला लागली. मैदानाजवळच्या शाळेच्या एका वर्गात आम्हाला तयार व्हायला जागा दिली होती. सात पोरींच्या गाठी मी आबांनी सांगितल्या तशा मारल्या. लेकीजवळ गेले तर तिनं माझा हात बाजूला केला.

"माझ्या मी मारते."

आतल्या दोन निरगाठी तिनं मारल्या. बाहेरची पहिलीही निरगाठच मारली.

"अगं, भाईरची सुरगाठ मार. आबा काय म्हनले?"

"मला न्हाई सुटाय पायजे," ती म्हणाली आणि उरलेल्या तिन्ही तशाच करकचून ओढल्या.   मला एवढी भीती माझ्या लग्नातसुद्धा वाटली नव्हती.

मैदान गेल्या वर्षीचंच, गर्दी त्याहून जास्त. मी दोरीच्या अगदी कडेला जाऊन उभी राहिले. पोरी रांगेत आल्या. साईच्या रंगाचे आठ अंगरखे, कमरेला लाल शेले. कुठंही चकाकी नाही, पण अंगाला असे बसलेले की माझ्या शेजारची एक अनोळखी बाई म्हणाली, "कापडं काय झ्याक हायेत." मी तिच्याकडं बघितलंही नाही. मी श्वास धरून होते. लेकीनं दोन्ही पट्टे चढवले, सलामी दिली आणि हात वर नेले.

हात वर गेले, अंगरखा जागेवर राहिला. मी श्वास सोडला. तिनं पहिली गिरकी घेतली, मग दुसरी, आणि पट्ट्यांची पाती वाऱ्यात वाजायला लागली. जमिनीवर पाच लिंबं मांडली होती. गिरकीतच खाली वाकून पहिलं कापलं, दुसरं कापलं. तिसऱ्या लिंबाला तिनं अंग पिळलं आणि छातीवरचा एक बंद उखडून भिरभिरला.

कुठला बंद, ते मला दुरूनच कळलं. उसवलेल्या भोकांवर बसवलेला तोच. माझी चोवीसबंदी! मी दोरी दोन्ही हातांनी आवळली. पण अंगरखा हलला नाही. बंद गाठीला लोंबकळत वाऱ्यावर उडत होता आणि बाकीच्या पाच गाठी जागच्या जागी होत्या. चिकटपट्टी जाते तेव्हा सगळीच्या सगळी जाते. इथं एक गाठ गेली तर पाच मागं होत्या. चौथं लिंबू कापलं. पाचव्याचे तिनं दोन सारखे अर्धे केले आणि दोन्ही पट्टे जमिनीला टेकवून थांबली.

लोक उठून उभे राहिले. शिट्ट्या काय, टाळ्या काय! मी इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या बाईनं दचकून विचारलं, "तुमची कोन हाय?" मी म्हटलं, "पोरगी बी माझी आन अंगरखा बी माझा!"

वर्गात ती घामानं निथळत आली आणि मला मिठी मारली. "आई, उघडला न्हाई!"

"एक बंद तुटला की," मी दाखवला. तिनं तेव्हा पहिल्यांदा खाली बघितलं.

"कंदी?"

"तिसऱ्या लिंबाला."

"मला कळलं बी न्हाई," ती म्हणाली आणि हसत सुटली.

मिरवणुकीला पंधरा मिनिटं होती आणि आमचं पथक सगळ्यात पुढं लावलं होतं. मी म्हटलं, काढ पटकन, बंद शिवून देते. पण काढायचं कसं? पाची निरगाठी घामानं भिजून दगड झाल्या होत्या. मी नखं लावली, केसांतला आकडा लावला, शेवटी दात लावले. एकही हलेना. बाहेर ढोल सुरू झाला. मी पिशवीतून कात्री काढली आणि पहिल्या गाठीला लावली.

तिनं माझं मनगट धरलं.

"कापू नको. शिव."

"अंगावर?"

"अंगावर."

बावीस वर्षं पाळलेला नियम, आणि मोडायची वेळ आली ती बाईंच्याच भोरमध्ये. मनात त्यांची माफी मागितली. सुईत दुहेरी दोरा ओवला, भोकांच्या ओळीपासून दोन बोटं बाजूला चांगलं कापड बघितलं, ओढ नसल्यानं सैल पडलेली तुटक्या बंदाची गाठ सोडवली आणि तो बंद तिच्या अंगावरच शिवायला घेतला. तिची छाती अजून धापेनं वर-खाली होत होती. माझी बोटं तिच्याबरोबर वर-खाली जात होती. "हलू नको," मी म्हटलं. "हलत न्हाई," ती म्हणाली, आणि खरंच हलली नाही. नऊ टाके घातले. दोरा दातानं तोडला.

"ही गाठ तू मार," ती म्हणाली.

मी निरगाठ मारली.

मिरवणूक बाजारपेठेत शिरली तेव्हा ती सगळ्यात पुढं होती आणि मी बायकांच्या घोळक्यात, पदराला सुई टोचलेली तशीच. एका दुकानाच्या पायरीवरून कुणीतरी ओरडलं, "अरे, ही तर सात नंबर!"  लेक थांबली. त्या आवाजाकडं वळली, हसली, आणि तिनं दोन्ही पट्टे, दोन्ही हात, पार डोक्यावर नेले. मी कान टवकारले. ढोलाशिवाय काहीच ऐकू आलं नाही.